सरांनी दोनदा विचारलं होतं

डिसेंबरात सावेडीला धुकं पडतं ते फार तर तासाभराचं. दुधाच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा, कानटोप्या घालून फिरायला निघालेली निवृत्त मंडळी त्यातून जातात-येतात आणि नऊच्या सुमाराला सगळं स्वच्छ होतं. माझी सून म्हणते, "आई, महाबळेश्वरला आल्यासारखं वाटतं ना?" मी हो म्हणते. गॅलरीत चहा घेते. पण तेवढा एक तास मी जिना उतरत नाही. गुडघ्यांचं कारण सांगते. तिला ते पटतं, कारण गुडघे खरंच दुखतात.

धुकं दिसलं की मला रॉकेलसारखा, पण रॉकेलहून उग्र असा एक वास येतो. त्यात ताज्या भाताच्या पेंढ्याचा वास मिसळलेला असतो. हे दोन वास एकत्र मी आयुष्यात एकदाच घेतले.

तो बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा. मी बावीस वर्षांची होते आणि नर्स म्हणून अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेच्या डोंगरात, एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रावर नेमणुकीला होते. दोन खोल्या, वर कौलं. एका खोलीत बाळंतपणाचं टेबल, दुसऱ्या खोलीत मी. मी मूळची श्रीरामपूरची. तिकडे जमीन ताटासारखी सपाट. नजर टाकावी तिथवर ऊस, आणि आडवा जाणारा रेल्वेचा रूळ. वडील रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे. कुठलीही गाडी कुठे जाते हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. आणि इथे सात किलोमीटर चालल्याशिवाय एस.टी.सुद्धा दिसत नव्हती. चारी बाजूंना डोंगर. ऊन नऊ वाजता यायचं आणि चारला डोंगरामागे निघून जायचं. लोक फार चांगले होते, कुणी अंडी आणून द्यायचं, कुणी वरईचे तांदूळ. पण विहिरीच्या तळाशी राहणाऱ्या माणसाला वरून कितीही प्रेमानं हाका मारल्या तरी ते विहिरीतच ना. नाताळला घरी जायचं म्हणून मी दिवाळीपासून दिवस मोजत होते. लढाई लागली आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्याचा कागद आला.

गावात रेडिओ एकच, शाळेच्या मास्तरांचा. दुपारी त्याच्याभोवती माणसं बसायची. गावात वीज नव्हती, तरी ब्लॅकआउटचा हुकूम आला होता, म्हणून पोलीसपाटलांनी घरोघर फिरून कंदिलांच्या काचांना काजळी फासायला लावली होती. लढाई आम्हाला एवढीच ठाऊक होती.

त्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाणी ठेवलं होतं. धुकं इतकं की दारापुढची तुळस दिसत नव्हती. तुळस माझी नाही, आधीच्या बाईंची, पण मी तिला पाणी घालायची. डोक्यावरून घरघर गेली. फार खालून. कौलं थरथरली. मग घरघर पुढे जाऊन थांबली, आणि एक आवाज झाला. स्फोट नव्हे. मोठ्या गोदामाचा पत्रा कुणी एका दमात फाडावा तसा. त्यानंतर डोंगर पुन्हा पहिल्यासारखा गप्प.

पंधरा-वीस मिनिटांत हौसाबाई धापा टाकत आली. साठीची विधवा बाई. डोंगराच्या कुशीत तिची भाताची चार खाचरं होती आणि ती एकटीनं कसायची.

"नर्सबाई, इमान पडलंय माज्या वरल्या खाचरात. लई मोटं. आत मानूस कन्हतंय."

मी बाळंतपणाची पेटी उचलली. दुसरं काय होतं माझ्याकडे? कापूस, गॉज, टिंचर, कात्री, नाळ बांधायचा दोरा.

वर पोचलो तेव्हा गावातली माणसं आधीच जमली होती, हातात कोयते, काठ्या. कुणीतरी ओरडत होतं, "पाकिस्तानचं हाय! जवळ जाऊ नका, बाँब आसंल!" विमान मधोमध मोडलं होतं. दोन पंख्यांचं, राखी रंगाचं. नाक डोंगरात घुसून चेपलं होतं आणि शेपटीचा भाग बांधावर आडवा. पेंढ्यावर तेल वाहत होतं. पंखाखाली तिरंगी चक्राची खूण मी पाहिली. म्हणाले, "आपलं आहे. आपलंच आहे ते." काठ्या खाली आल्या. एक म्हातारा रडायला लागला.

पत्रा फाटला होता तिथून मी आत शिरले. बाकी कुणी शिरू शकत नव्हतं, फट तेवढीच होती, आणि मी तेव्हा अंगानं अगदीच काडी होते. पुढे दोघं होते, त्यांच्याकडे एकदा बघितल्यावर पुन्हा बघण्यासारखं काही नव्हतं. तिसरा खुर्चीतच मान टाकून बसला होता, नाडी नाही. चौथा जिवंत होता. एका टेबलाचा लोखंडी सांगाडा आणि त्यावर भिंतीचा पत्रा, असं सगळं त्याच्या मांड्यांवर बसलं होतं. कमरेखाली तो दिसतच नव्हता. उजव्या मांडीच्या वरच्या बाजूनं रक्त येत होतं. मी गॉजचा बोळा केला आणि दाबला. थांबलं. हात काढला, पुन्हा आलं. पुन्हा दाबला.

तो हात मग मी सकाळपासून दुपार कलेपर्यंत काढला नाही.

"सिस्टर?" माझी पांढरी साडी बघून तो म्हणाला.

"जी," मी म्हणाले. माझं हिंदी सिनेमातलं आणि रेल्वे कॉलनीतलं.

"बाकी सब?"

मी बोळा आणखी घट्ट दाबला. त्यानं डोळे मिटले, आणि समजलं त्याला.

बाहेरून हौसाबाई ओरडली, "बाई, भाईर या! त्याल गळतंय, पेट घील!" मी म्हणाले, "येता येत नाही. हात सोडला की जाईल तो." मग तिचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हे. "ए, इडी इजव! इजव म्हंते ना! चल, मागं हो, समदे मागं व्हा!" दिवसभर ती त्या फटीपाशी बसून राहिली. दहा-दहा मिनिटांनी विचारायची, "हाय का?" मी म्हणायची, "आहे."

भंडारदऱ्याच्या धरणावरच्या ऑफिसात फोन होता, तिकडे दोघं पळत गेले होते. पळत म्हटलं तरी ते दीड तासाचं अंतर. मग फोन लागायचा, मग कुणीतरी यायचं, रस्ता संपला की चालत यायचं. मी आत गुडघ्यावर बसले होते. पाठीला पत्रा टेकत होता, मान ताठ करता येत नव्हती. साडी तेलानं भिजून पायाला चिकटली होती. बोटं आधी दुखली, मग मुंग्या आल्या, मग ती माझी राहिलीच नाहीत. मला तिथून पळून जावंसं वाटलं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. एकदा नव्हे, अनेकदा वाटलं. कुणाला कळणार होतं? हात काढायचा, बाहेर यायचं, आणि गेला म्हणून सांगायचं. मी न पळण्याचं कारण मोठं धैर्य वगैरे नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, एवढंच.

त्याचं नाव हरीश. अल्मोड्याकडचा, पहाडातला. वय एकवीस. फटीतून त्याला खाचरांच्या पायऱ्या दिसत होत्या. "हमारे यहाँ भी ऐसे ही खेत हैं," तो म्हणाला. "माँ अभी घास काट रही होगी." त्यानं विचारलं, बाहेर जी ओरडते ती कोण? मी म्हणाले, शेत तिचं आहे. तो म्हणाला, "उनका नुकसान हो गया." मी हौसाबाईला ते सांगितलं. ती बाहेरून म्हणाली, "त्येला म्हनावं, भात काडून झालंय. पेंढा हुता निस्ता." मी भाषांतर करून सांगितलं. तो हसला. खरंच हसला.

धुकं विरलं, पत्र्यावर ऊन आलं, आत उकडायला लागलं. मी कापूस ओला करून त्याच्या ओठांवर पिळत होते. मध्येच तो बोलायला लागला, आणि मला कळेना की तो मला सांगतोय की स्वतःला. तो शिकाऊ होता. नकाशा आणि घड्याळ घेऊन विमान कुठे आलंय ते सांगणं हे त्याचं काम. लढाई लागल्यामुळे त्यांचं शिक्षण आवरतं घेत होते, ही त्याची शेवटची परीक्षा होती. विमान चालवत होते ते सबनीस सर. खाली सगळा ढग. ढगाला एक भोक पडलं आणि त्यातून त्याला पाणी दिसलं. मोठं पाणी. त्याला वाटलं, हे नाशिकचं धरण, म्हणजे डोंगर मागे पडले. तो म्हणाला, आता खाली उतरायला हरकत नाही.

"सर ने पूछा, पक्का? मैंने कहा, पक्का सर. फिर थोड़ी देर बाद पूछा, हरीश, पक्का? मैंने कहा, जी सर."

ते पाणी भंडारदऱ्याचं होतं. डोंगर पुढेच होता.

"दो बार पूछा, सिस्टर. दो बार."

मी म्हणाले, बोलू नको, दम लागेल. तो म्हणाला, "माँ को मत बताना. वादा करो." मी म्हणाले, करते. बावीस वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार. डावा हात मोकळा होता, तो त्याच्या कपाळावर ठेवून मी वचन दिलं.

मिलिटरीची माणसं दुपारी तीन वाजता आली. पहारी, जॅक, दोर, स्ट्रेचर. शिस्तीत सगळं झालं. एक जवान फटीतून अर्धा आत आला आणि म्हणाला, "बहनजी, बस पाँच मिनट." सांगाडा हळूहळू उचलला. हरीशनं मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अब ठीक है." दोन-तीन मिनिटांनी त्याचा रंग बदलला. माझा हात जिथे होता तिथेच होता, रक्त आलं नव्हतं. तरी तो गेला.

पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी मला समजावलं. इतके तास दबलेलं अंग मोकळं झालं की त्यातलं साचलेलं विष हृदयाकडे जातं. ते ओझं होतं तोवरच तो होता. "तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही, बाई," ते म्हणाले. मला बाहेर काढलं तेव्हा उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. हौसाबाईनं तिच्या अंगणात बसवून, कोमट पाण्यात एकेक बोट सोडवलं. 

लढाई संपली. शाळेत साखर वाटली. मास्तरांच्या रेडिओवर गाणी लागली. मला मात्र त्या दोन खोल्यांत श्वास पुरत नव्हता. कौलांखाली पडलं की पत्रा पाठीला लागतोय असं वाटायचं.

महिन्याभरानं हवाई दलाचे एक अधिकारी चौकशीला आले. मराठीच होते, बोलायला सौम्य. तालुक्याचे डॉक्टर सोबत होते.

"तो शुद्धीवर होता म्हणतात. काही बोलला का? विमान खाली का आलं, याबद्दल? नीट आठवून सांगा. घाई नाही."

मी म्हणाले, "पाणी मागितलं. आईची आठवण काढली."

"अजून काही?"

"नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. मी चहाचा ट्रे उचलून आतल्या खोलीकडे वळले, तेव्हा ते डॉक्टरांना हलक्या आवाजात म्हणाले ते मला ऐकू आलं. "मग काय, दोष कॅप्टनवरच जाईल. असंही लोक म्हणतात, धरण दाखवायला खाली आणलं."

मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले. दोन पावलं मागे फिरले असते तर झालं असतं. मी फिरले नाही. कप विसळले, पुसले, पालथे घातले. जीप चालू होऊन उताराला लागल्याचा आवाज ऐकला.

लोक खरंच तसं म्हणत होते. कॅप्टन मराठी माणूस, आपला मुलूख, पोरांना धरण दाखवत असणार, मस्ती नडली. एस.टी.च्या थांब्यावर, बाजारात, माझ्या केंद्राच्या ओट्यावर. मी प्रत्येक वेळी ऐकायचे. एका मेलेल्या मुलाला मी झाकलं होतं आणि झाकायला कापड दुसऱ्या मेलेल्या माणसाचं घेतलं होतं. हरीशला दिलेला शब्द मोडावा तर त्याची आई समोर यायची, गवत कापणारी. पाळावा तर सबनीस सरांचं कोण असेल ते. त्यांचं कुणी असेल, ही कल्पना मी करायचीच टाळायचे.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचं कोण होतं ते आलं.

भात काढून झालं होतं. सकाळचं धुकं नुकतंच वर गेलं होतं. फिकट निळ्या सुती साडीतल्या, तिशी-बत्तिशीच्या एक बाई सात किलोमीटर चालून केंद्रावर आल्या. चपलेचा अंगठा तुटला होता, सेफ्टी पिन लावली होती. म्हणाल्या, "मी मिसेस सबनीस. पुण्याहून आले. जागा बघायची होती."

मी आणि हौसाबाई त्यांना घेऊन वर गेलो. तिथे आता काही नव्हतं. लोखंड मिलिटरीनं नेलं होतं, उरलंसुरलं लोकांनी नेलं होतं. खाचरात एक पट्टा होता, तेल मुरलेला, तिथे भात उगवलं नव्हतं. त्या त्याच्या कडेला बराच वेळ उभ्या राहिल्या. हौसाबाईनं त्यांना बांधावर बसवलं आणि शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाई रडल्या नाहीत.

परत माझ्या खोलीत आल्यावर म्हणाल्या, "मी शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये बोलतात, मी आले की थांबतात. ह्यांना धरण दाखवायची हौस आली म्हणे. हे घरातला पंखासुद्धा दोनदा बघून बंद करायचे हो. मला फक्त एवढंच सांगा, तो मुलगा माझ्या मिस्टरांबद्दल काही बोलला का? काहीही. शिवी दिली असेल तरी चालेल."

मी ठरवलं होतं की नाही म्हणायचं. तोंडून वेगळंच निघालं.

"म्हणाला, सरांनी दोनदा विचारलं."

मला वाटलं, हे सांगण्यात काही उघड होत नाही. सरांचं भलंच बोलला, एवढंच कळेल. पण त्या एका वैमानिकाच्या पत्नी होत्या. कोणाला विचारतात, काय विचारतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "नेव्हिगेटर होता ना तो?"

मग मी सगळं सांगितलं. पाणी, ढगातलं भोक, पक्का सर, जी सर. माझं वचन. माझी सही. ट्रे घेऊन उभी राहिले तेही. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर खिडकीकडे बघत बसल्या.

"मी त्याच्या आईकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात. बाकी तिघांच्याही घरी गेले. म्हटलं, कुणाला काही माहीत असेल. त्याची आई माझ्या पायाशी वाकली हो. म्हणाली, तुमच्या साहेबांमुळे माझा मुलगा गेला, पण मी त्यांना माफ केलं, देवानंही करावं. मी ते ऐकून घेतलं. तिच्या हातची भाकरी खाऊन आले."

बाहेर हौसाबाई कुणाच्या तरी कोंबड्या हाकत होती.

शेवटी त्या म्हणाल्या, "लिहून द्याल का हे?"

"देते."

वही आणली. सगळं लिहिलं, दोन पानं झाली. आधी खोटं सांगितलं होतं हेही लिहिलं. खाली सही केली, नाव, हुद्दा, केंद्राचा शिक्का. नोकरी जाईल हे कळत होतं, पण त्या क्षणी मला ते चाललं असतं. त्यांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवला. मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. एस.टी. आली तेव्हा त्यांनी माझा उजवा हात धरला, तळवा उलटा करून बघितला, आणि चढल्या.

परत येताना सात किलोमीटर मी जवळजवळ पळत आले. इतकं हलकं मला त्या डोंगरांत कधी वाटलं नव्हतं. घरी पोचून दार लावल्यावर लक्षात आलं की मी मोकळी झाले ती त्या बाईंना आत कोंडून.

तो कागद त्यांनी कुठेही दिला असता तर माझ्याकडे कुणीतरी आलंच असतं. जबाब बदलल्याचा खुलासा मागायला, साक्षीला बोलवायला, निदान तो शिक्का माझाच का म्हणून विचारायला. मी वाट पाहिली. जीपचा आवाज आला की पदर सारखा करून ओट्यावर यायची. लसीची गाडी असायची, नाहीतर जंगलखात्याची. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. लोक विमान विसरले. हौसाबाईच्या त्या पट्ट्यात आधी गवत आलं, मग नाचणी. मिसेस सबनीसांना मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

त्या केंद्रावर मी अजून सहा वर्षं होते. मग श्रीरामपूरजवळ बदली झाली, सपाट मुलखात, रुळाच्या आवाजाजवळ. नव्या नर्सला चार्ज देताना औषधांची यादी दिली, बाळंतपणाची रजिस्टरं दिली, कुठल्या घरी कोण अवघडलेली आहे ते सांगितलं. शेवटी एका चिठ्ठीवर माझ्या श्रीरामपूरच्या घरचा पत्ता लिहून तिच्या हातात ठेवला.

"कुणी विमानाबद्दल विचारत आलं, तर इकडे पाठव."

तिनं चिठ्ठी वाचली. "कोण येणार आहे, ताई?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "पण पत्ता जपून ठेव."